फिरत्या घराची पन्हळ

मृग नक्षत्र जवळ आलें म्हणजे घरांतील वडील माणसें छपराकडे वारंवार पाहूं लागतात. कोठें कौल सरकलें आहे काय, पन्हळींत गेल्या सालचा पालापाचोळा अडकला आहे काय, हें पाहून ठेवल्यावाचून त्यांस चैन पडत नाहीं. पन्हळ ही कांहीं घराच्या शोभेची वस्तु नव्हे. छपरावर पडलेलें पाणी भिंतीवर येऊं न देतां दूर नेऊन सोडावें, एवढेंच तिचें काम. परंतु हें काम तिनें सोडलें म्हणजे भिंतींत ओल शिरते, वासे कुजतात, आणि दोन आण्यांच्या आळसापायीं शंभर रुपयांचा खर्च उभा राहतो. घराची जी गोष्ट तीच चाकांवरच्या घराची. परदेशांत प्रवासासाठीं मुद्दाम सजविलेल्या जुन्या मोटारी असतात. त्यांत निजण्याबसण्याची व स्वयंपाकाची सोय असते. त्यांच्या छतालाही सभोंवार एक अरुंद पन्हळ असते, आणि ती गंजली म्हणजे सगळ्या गाडीचें आयुष्य धोक्यांत येतें. ही पन्हळ कशी असते, ती कां गंजते व जाणते कारागीर ती कशी दुरुस्त करतात, हें ह्या लेखांत आम्ही यथामति सांगणार आहों. गाडी परदेशची असली, तरी तिच्यांत घडणारें रसायनशास्त्र व पदार्थविज्ञान तुमच्या वर्गांत शिकवितात तेंच आहे.

प्रथम गाडीची ओळख करून घेऊं. इ. स. १९४७ सालीं बेन पॉन नांवाच्या एका डच व्यापाऱ्यानें आपल्या टिपणवहींत पेटीच्या आकाराच्या एका मोटारीचें साधें रेखाचित्र काढलें. त्या कल्पनेस पुढें मूर्त स्वरूप येऊन जर्मनींतील वोल्फ्सबुर्ग येथील फोक्सवागन कारखान्यानें इ. स. १९५० च्या मार्च महिन्यांत तशी गाडी करण्यास आरंभ केला. एंजिन अगदीं मागें, चालक अगदीं पुढें, आणि मध्यें ऐसपैस मोकळी जागा, अशी तिची रचना होती. मोकळी जागा दिसली कीं मनुष्यास तींत संसार मांडावासा वाटतोच! दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १९५१ सालीं, वीडेनब्रुक येथील वेस्टफालिया ह्या कारखान्यानें ह्या गाडींत बसविण्याजोगें मुक्कामाचें सामान करण्यास सुरुवात केली. इंग्लंडांत फोकस्टन येथील मार्टिन वॉल्टर व सिडमथ येथील डेव्हन ह्या कारखान्यांनींही हा उद्योग चालविला.

मात्र एक अडचण होती. गाडींत बसतां येई, निजतां येई. परंतु प्रौढ मनुष्यास ताठ उभें राहतां येत नसे. म्हणून छताचा मोठा भाग कापून त्यावर उचलतां येणारें झांकण बसविण्याची युक्ति निघाली. हें झांकण बहुधा कांचतंतु व राळ ह्यांच्या मिश्रणाचें, वजनानें हलकें असे. त्याच्या सभोंवार तंबूच्या जाड कापडाची भिंत शिवलेली असे. मुक्काम आला कीं झांकण वर ढकलावें, म्हणजे गाडीचा तंबू होतो. निघतांना तें खालीं ओढावें, म्हणजे तंबूची पुन्हां गाडी होते. कांहीं झांकणें एका टोंकास उचललीं जात. मार्टिन वॉल्टरचें ‘डॉर्मोबील’ नांवाचें झांकण एका कुशीवर उघडे. फोक्सवागनच्या ह्या गाडीची दुसरी पिढी जर्मनींत १९६७ पासून १९७९ पर्यंत तयार होत होती. आपल्या भूमीसही ह्या गाड्या अगदींच अपरिचित नाहींत. त्याच सुमारास युरोपांतील कित्येक तरुण प्रवासी अशा गाड्यांतून इस्तंबूल, तेहरान, काबूल ह्या खुष्कीच्या मार्गानें हिंदुस्थानांत येत व गोव्यांत हणजूणच्या किनाऱ्यावर मुक्काम ठोकीत. १९७९ सालीं इराणांतील राज्यक्रांति व अफगाणिस्तानांत शिरलेलें रशियन सैन्य ह्यांमुळें तो मार्ग बंद पडला. गाड्या मात्र अजून आहेत. ज्या कुटुंबांनीं त्या सांभाळल्या, तीं आजही त्यांतून सहलीस जातात. पन्नास वर्षांच्या ह्या म्हाताऱ्या गाड्यांस जो रोग वारंवार जडतो, तो पन्हळीच्या गंजाचा.

आतां ती पन्हळ नीट पाहूं. गाडीचें छत म्हणजे एक वांकविलेला पोलादी पत्रा, आणि तिच्या बाजू म्हणजे दुसरे पत्रे. ह्या पत्र्यांची जाडी सुमारें एक मिलिमीटर, म्हणजे जाड पुठ्ठ्याएवढी. छताचा पत्रा व बाजूचा पत्रा जेथें भेटतात, तेथें दोहोंच्या कडा एकमेकींवर ठेवून बाहेरच्या अंगास वळविलेल्या असतात. मग थोड्या थोड्या अंतरावर त्या कडा दाबून धरून विजेच्या प्रवाहानें तापवितात, म्हणजे त्या जागीं दोन पत्र्यांचा एक जीव होतो. ह्यास स्पॉट वेल्डिंग म्हणतात. कापडाच्या दोन घड्या अंतराअंतरानें टांका घालून जोडाव्या, तसाच हा प्रकार. दोन टांक्यांमधली जागा जोडलेली नसते. तेथें पत्रे नुसते एकमेकांस टेकलेले असतात. ती फट बुजविण्यासाठीं तींत लवचिक लुकण भरतात व वरून रंग देतात. वळलेल्या कडेमुळें जी अरुंद नाली तयार होते तीच पन्हळ.

ह्यावरून एक महत्त्वाची गोष्ट तुमच्या ध्यानांत येईल. घराची पन्हळ घरास केवळ टांगलेली असते. ती मोडली तर काढून दुसरी लावतां येते, त्यापायीं भिंत पडत नाहीं. गाडीची पन्हळ ही निराळी वस्तु नव्हे. ती गाडीच्या छताचा व बाजूचा सांधाच होय. पाणी दूर नेणें आणि छत धरून ठेवणें, अशीं दोन कामें ती एकटी करते. त्यांतही उचलत्या झांकणाच्या गाडींत छताचा मधला भाग कापून टाकलेला असतो. म्हणून राहिलेल्या कडेवर भार अधिक येतो. शिवाय झांकणावरून ओघळणारें पाणी व झांकणाखालीं साचणारा पाचोळा हीं दोन्हीं शेवटीं ह्याच नालींत येतात. ज्या सांध्यावर अधिक भार, त्याच्याच वांट्यास अधिक पाणी, असा हा योग आहे.

आतां गंजाचा विचार करूं. सामान्य समजूत अशी कीं, जेथून पाणी वाहतें तेथें गंज चढतो. खरें पाहतां वाहत्या पाण्यापेक्षां अडून राहिलेलें पाणी फार घातक असतें. उन्हाच्या तापानें पत्रा पसरतो, थंडीनें आंखडतो. असें वर्षानुवर्षें चाललें म्हणजे लुकण कडक होतें व त्यास केसाएवढी चीर पडते. एवढ्या बारीक चिरेंतून पाणी आंत कसें जाईल, असें तुम्हांस वाटेल. तर एक प्रयोग करून पाहा. कांचेच्या दोन स्वच्छ पट्ट्या एकमेकींवर ठेवून दोऱ्यानें बांधा, व त्यांचें खालचें टोंक शाई घातलेल्या पाण्यांत बुडवा. दोन कांचांमधून पाणी आपोआप वर चढलेलें दिसेल. ह्यास केशाकर्षण म्हणतात. दिव्याच्या वातींतून तेल चढतें तें ह्याच नियमानें. फट जितकी अरुंद, तितकें पाणी अधिक ओढलें जातें, आणि आंत गेलेलें पाणी वाळण्यास वारा पोंचत नाहीं. बाहेर चार दिवस कडक ऊन पडलें तरी सांध्याच्या पोटांत ओल तशीच राहते.

येथें एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील, ‘गंज चढण्यास पाणी व प्राणवायु दोन्हीं लागतात असें आम्ही शिकलों, मग ज्या फटींत हवा शिरत नाहीं, तेथें गंज अधिक कां?’ प्रश्न मार्मिक आहे. ह्याचा उलगडा केंब्रिज येथील शास्त्रज्ञ यूलिक एव्हन्स ह्यांनीं १९२० नंतरच्या दशकांत केलेल्या प्रयोगांनीं झाला. घासून लख्ख केलेल्या लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला, तर थेंबाच्या कडेस प्राणवायु सहज मिळतो व मध्यभागीं कमी मिळतो. अशा वेळीं त्या थेंबाखालीं एक सूक्ष्म विद्युत्घट तयार होतो. ज्या जागीं प्राणवायु कमी, तेथील लोखंड विरघळूं लागतें. ज्या जागीं तो भरपूर, तेथील लोखंड बचावतें. आणि दोहोंच्या मध्यें तांबड्या गंजाचें कडें जमतें. हाच न्याय पन्हळीच्या सांध्यास लावा. फटीचें तोंड हवेशीं असतें, पोट हवेपासून दूर असतें. म्हणून झीज पोटांत होते. वरून रंग जागच्या जागीं, नाली साफ, आणि आंतला पत्रा चाळणी झालेला, अशी स्थिति होते ती ह्याच कारणानें.

पुढचा अनर्थ गंज स्वतःच करतो. लोखंडाचा गंज झाला म्हणजे तो मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो. लाकडाच्या ओंडक्यांत पाचर ठोकावी, त्याप्रमाणें तो दोन पत्र्यांमध्यें फुगून त्यांस एकमेकांपासून दूर रेटतो. वेल्डिंगचे टांके एकामागून एक तुटतात, फट रुंदावते, लुकण उचललें जातें, आणि अधिक पाण्यास वाट मिळते. थंड देशांत हिंवाळ्यांत रस्त्यावरील बर्फ वितळावें म्हणून मीठ टाकतात; तें मुख्यतः गाडीच्या तळास बाधतें, परंतु त्याचे तुषार व समुद्रावरचा खारा वारा छतापर्यंतही पोंचतात. खारें पाणी विजेस सुलभ वाट देतें, म्हणून त्या सूक्ष्म घटाचें काम अधिक जोरानें चालतें.

रोग कळला, आतां परीक्षा कशी करावी तें पाहूं. गाडी कोरडी असतांना पन्हळीवरून सावकाश बोट फिरवावें. रंगास फोड आलेला, लुकण उचललेलें, किंवा तांबूस ओघळ दिसला, तर त्या जागेवर खूण करावी. नंतर लोहचुंबक धरून पाहावा. खऱ्या पत्र्यास तो घट्ट चिकटतो, आणि पूर्वीं कोणीं भोंक बुजवून वर रंग दिला असेल तेथें तो सुटतो. संशयित जागीं बोथट टोंच्यानें हलकेंच दाबावें. निकोप पोलाद दाद देत नाहीं, कुजलेलें कुरकुरतें. गाडीच्या आंतूनही पाहावें. छताखालचें अस्तर डागाळलें असेल, कपाटांची फळी फुगली असेल, अथवा पावसानंतर कुबट वास येत असेल, तर पाणी आंत येतें हें निश्चित समजावें. मात्र डाग जेथें दिसतो तेथेंच छिद्र असतें असें नाहीं. पाणी पत्र्याच्या पोटानें दूरवर वाहत जाऊन सोईच्या जागीं ठिबकतें.

येथें खऱ्या व खोट्या दुरुस्तीचा फांटा फुटतो, आणि आमच्या मतें ह्या विषयाचें सार ह्याच ठिकाणीं आहे. खोटी दुरुस्ती तीन प्रकारची. पहिली, गंजलेल्या पत्र्यावर लांबी भरून, ती घांसून, वर रंग देणें. लांबी म्हणजे रंगारी लोक खांचा बुजविण्यास वापरतात तो लगदा. तो गंजावर चिकटतो, पोलादास चिकटत नाहीं; त्यास ओल लागली कीं तो ती धरून ठेवतो; आणि भार तर त्यास मुळींच सोसत नाहीं. दुसरी, सगळी नाली कांठोकांठ लुकणानें भरून टाकणें. त्यानें छिद्र झांकतें खरें, परंतु पन्हळच नाहींशी होते व पाणी सरळ दारांवर ओतूं लागतें. तिसरी, कुजलेल्या पत्र्यावर नव्या पत्र्याचें ठिगळ चढवून तें वेल्डिंगनें जोडणें. ही पाहण्यास भक्कम दिसते. पण जुन्या व नव्या पत्र्यामध्यें एक नवी फट निर्माण होते, आणि ज्या कारणानें पहिला पत्रा गेला त्याच कारणानें दुसराही जातो. तिहींमध्यें दोष एकच: गंज आंत ठेवून वरून दार लावून घेतलें जातें.

खऱ्या दुरुस्तीचा नियम ह्याच्या उलट आहे. निकोप धातु लागेपर्यंत मागें जावें, आणि तेथून पुढें काम करावें. लुकण बोथट पटाशीनें खरवडून काढल्यावर खालीं गंज केवळ पृष्ठभागीं आहे असें दिसलें, तर कापाकापीचें कारण नाहीं. तारेच्या ब्रशानें व कांचकागदानें घांसून पत्रा लख्ख करावा. बारीक खळग्यांत जो गंज उरतो त्यास फॉस्फरिक आम्लाचें औषध लावतात. त्यानें गंजाचें रूपांतर लोहाच्या फॉस्फेटमध्यें होतें व तो थर पुढील रंगास चांगला धरतो. उरलेलें आम्ल डब्यावरील सूचनेप्रमाणें काढून टाकलें पाहिजे, नाहींतर वरचा रंग उठतो.

पत्रा आरपार गेला असेल, तर मात्र तो कापून नवा घालणें प्राप्त आहे. हें काम पावसापासून आडोशाच्या जागीं करावें. प्रथम उचलतें झांकण, त्याचें कापड, रबराची पट्टी व आंतलें अस्तर काढून बाजूस ठेवावें, कारण ठिणगीनें हीं क्षणांत पेटतात. बॅटरीच्या तारा सोडाव्या. पेट्रोलच्या नळ्या गळत नाहींत ना, हें पाहावें. कांचा जाड ओल्या कापडानें झांकाव्या. ग्राइंडरच्या तप्त ठिणग्या कांचेंत रुततात व तो डाग कधींही जात नाहीं. नंतर दारें लावून दारांभोंवतालची फट ठिकठिकाणीं मोजून लिहून ठेवावी. काम चालू असतां हीं मापें बदललीं, तर गाडीचा सांगाडा सरकला असें समजून तेथेंच थांबावें.

पन्हळ सबंध लांबीची कधींही एकदम कापूं नये. ती गाडीचा सांधा आहे हें आम्ही वर सांगितलेंच आहे. एका वेळीं वीतभर तुकडा काढावा, तेथें नवा बसवावा, मग पुढें सरकावें. रंग घांसून काढला कीं जुन्या टांक्यांचे लहान वर्तुळाकार खळगे दिसतात. ते चपट्या तोंडाच्या ड्रिलनें असे कोरावे कीं वरचा पत्रा सुटेल, पण खालचा भोंकला जाणार नाहीं. वरचा पत्रा निघाल्यावर आंतला थर पाहावा. तो कुजलेला असेल तर आधीं त्याची दुरुस्ती, मग बाहेरच्याची. पाया सोडून भिंत बांधीत नाहींत.

नव्या तुकड्यासाठीं प्रथम पुठ्ठ्याचा नमुना कापावा व तो जागेवर लावून पाहावा. नमुना बरोबर जमला म्हणजे तितक्याच जाडीच्या पोलादी पत्र्यावर तो आंखून कातरीनें कापावा, आणि लोखंडी कडेवर धरून हलक्या हातोडीनें ठोकीत ठोकीत वांकवावा. युरोपांत ह्या गाड्यांसाठीं तयार तुकडेही विकत मिळतात. तरी गाडीच्या कोपऱ्यावरील वळण जुळविण्यास हाताचें कसब लागतेंच. तुकड्याचीं टोंकें जुन्या पत्र्याशीं कडेला कड भिडवून जोडावीं, एकावर एक चढवूं नयेत. म्हणजे नवी फट राहत नाहीं. जेथें मूळ रचनेंतच दोन पत्रे एकावर एक येतात, तेथें मिटविण्यापूर्वीं दोहोंच्या आंतल्या अंगास जस्तयुक्त रंग द्यावा. जस्त लोखंडापेक्षां लवकर झिजतें, आणि तें झिजत असेपर्यंत शेजारचें लोखंड सुरक्षित राहतें. एका धातूनें स्वतः झिजून दुसऱ्यास राखावें, ही युक्ति सर हंफ्रे डेव्ही ह्यांनीं १८२४ सालीं इंग्रजी आरमाराच्या जहाजांवरील तांब्याचे पत्रे वांचविण्यासाठीं सुचविली होती.

जोडकाम बहुधा मिग पद्धतीच्या वेल्डिंगनें करतात. तींत बारीक तार विजेच्या ज्वाळेंत वितळून सांध्यांत भरली जाते, आणि आर्गॉन व कार्बन डायऑक्साइड ह्यांचें मिश्रण सभोंवार सोडून वितळलेल्या धातूस हवा लागूं देत नाहींत. पातळ पत्र्यास एके ठिकाणीं फार उष्णता दिली तर तो पसरून, पुन्हां आंखडून वांकडातिकडा होतो. म्हणून कुशल कारागीर एक ठिपका येथें, दुसरा दूर तेथें, असें करीत जातो, व मधून मधून पत्रा आपोआप निवूं देतो. घाई करून पाणी ओतीत नाहीं. जेथें जुने टांके कोरले, तेथें त्याच छिद्रांतून नवे टांके भरतो. शेवटीं उंचवटे घांसून समतल करतो; परंतु शोभेच्या नादानें पत्राच पातळ करीत नाहीं.

हें काम मुलांचें नव्हे, हें आम्ही स्पष्ट सांगून ठेवतों. वेल्डिंगच्या ज्वाळेंतील अतिनील किरणांनीं उघड्या डोळ्यांस गंभीर इजा होते. जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो, म्हणून त्याची धूळ श्वासांत जाऊं देऊं नये. तापलेल्या जस्ताच्या धुरानें थंडीताप भरतो, व जळत्या लुकणाचा धूर विषारी असतो. म्हणून चांगला मुखवटा, हातमोजे व वाहती हवा पाहिजे; पाण्याची बादली व आग विझविण्याचें यंत्र जवळ पाहिजे; आणि काम संपल्यावरही कांहीं वेळ गाडीजवळ कोणीतरी बसलें पाहिजे, कारण आडकोपऱ्यांत पडलेली ठिणगी उशिरा पेट घेते.

लख्ख केलेल्या पोलादावर दमट हवेंत थोड्याच वेळांत नवा गंज धरतो. म्हणून तेलकटपणा पुसून त्याच दिवशीं इपॉक्सी जातीचा अस्तररंग द्यावा. तो वाळल्यावर लुकण भरावें. उघड्या पत्र्यावर भरूं नये. ह्यासाठीं पॉलियुरेथेन जातीचें, वाळल्यावरही लवचिक राहणारें व रंग धरणारें लुकण योग्य. ज्यास शिर्क्यासारखा वास येतो तें सिलिकोन येथें वापरूं नये. तो वास ॲसेटिक आम्लाचा असून त्यानें लोखंडास गंजच चढतो, व वर रंगही धरत नाहीं. लुकण बोटानें असें सारवावें कीं फट बुजेल, पण नाली बुजणार नाहीं, आणि पाणी थबकेल असा खळगा कोठेंही राहणार नाहीं. त्यावर रंगाचे हात द्यावे. सर्व वाळल्यावर पन्हळीमागच्या पोकळींत बारीक नळीनें मेणाचा फवारा मारावा. हें मेण पातळ असतांना बारीक फटींत शिरतें व पुढें ओल शिरूं देत नाहीं.

आतां पाण्याची कसोटी. एकानें कोरडा टीपकागद व विजेरी घेऊन गाडींत बसावें. दुसऱ्यानें बाहेरून नळीनें मंद धार सोडावी. धार प्रथम खालच्या भागावर, मग हळूहळू वर न्यावी. एकदम छतावर पाणी ओतलें तर तें सर्वत्र पसरतें, आणि आंत आलें तरी कोठून आलें हें कळत नाहीं. ह्या कामांत मुलांची नजर व चपळाई फार उपयोगी पडते. टीपकागद कोरडा राहिला म्हणजे अस्तर व झांकण पुन्हां बसविण्यास हरकत नाहीं.

दुरुस्तीनंतर निगा राहिली तरच श्रमांचें चीज होतें. वर्षांतून निदान दोनदां नालींतील पाचोळा काढावा, लुकणास चीर आहे काय तें पाहावें, व दिसल्यास त्याच आठवड्यांत बुजवावी. सामान लादण्याची चौकट पन्हळीवर अडकवितात; तिच्या चिमट्याखालीं रबर ठेवावें, नाहींतर रंग खरचटून तेथूनच गंजास आरंभ होतो. तंबूचें कापड ओलें असतां झांकण मिटवावें लागलें, तर घरीं येतांच तें उघडून वाळवावें.

शेवटीं ह्या कामांतील एका नाजूक गोष्टीकडे आम्ही विद्यार्थ्यांचें व त्यांच्या पालकांचें लक्ष वेधूं इच्छितों. जर्मनींत तीस वर्षांवरील जुन्या गाड्यांस १९९७ पासून निराळी ओळखपट्टी देतात. तरी त्यांस ठराविक मुदतीनें तपासणी चुकत नाहीं. इंग्लंडांत २० मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या, मुळांत फारसा फेरफार न केलेल्या गाड्यांस दरसालच्या सक्तीच्या तपासणींतून सूट मिळाली आहे. गाडी सुस्थितींत ठेवण्याची जबाबदारी मात्र मालकावर तशीच आहे. ह्याचा अर्थ असा कीं, त्या गाडीचा सांधा लांबीनें बुजविला आहे कीं पोलादानें जोडला आहे, हें दरसाल पाहणारा परका डोळा तेथें राहिला नाहीं. रंगाखालीं काय आहे हें दुरुस्त करणाराच जाणतो. आणि गाडींत मागच्या बांकावर निजलेलीं मुलें, किंवा उद्यां तीच गाडी विश्वासानें विकत घेणारा अनोळखी गृहस्थ, ह्यांचा जीव त्या न दिसणाऱ्या सांध्यावर अवलंबून असतो.

चांगल्या कारागिराची ओळख वरच्या चकचकाटावरून पटत नाहीं. आंतल्या अंगास, जेथें कोणी पाहणार नाहीं, तेथें त्यानें अस्तररंगाचा हात दिला कीं नाहीं, ह्यावरून पटते. सुताराच्या कपाटाची पाठ, शिंप्याच्या कोटाचें अस्तर, आणि विद्यार्थ्याच्या वहींतील कच्चें गणित ह्यांसही हीच कसोटी लागू आहे, असें आम्हांस वाटतें.